वाळूची दंतसफाई

मुकादम मेला. शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, दातांच्या डॉक्टरांच्या हातून.

असं काही झालेलं नाही. मुकादम मजेत आहे. आपण पुढे जाऊ.

मुकादम म्हणजे वीतभर लांब पांढरा मासा. काकांच्या दवाखान्यात, पेशंट गाल धरून बसतात त्या खोलीत, खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी आहे. आत प्रवाळ आणि तळाशी वीतभर वाळू. मुकादम दिवसभर तोंडात वाळू भरतो, त्यातलं खाण्याजोगं गिळतो आणि उरलेली कल्ल्यांतून फेकतो. अख्ख्या दवाखान्यात मन लावून काम करणारा तो एकटाच, असं मी एकदा काकांच्या तोंडावर म्हणालो. तेव्हापासून आमचं फाटलं.

त्याआधीही शिवलेलं नव्हतं म्हणा. दंतवैद्यकाच्या पहिल्याच वर्षात मी दोनदा आपटलो, तेव्हा काकांनी बाबांना सांगितलं की पोरगं तोंडाच्या कामाचं नाही, नुसतं तोंड चालवण्याच्या कामाचं आहे. टाकी सांभाळू दे. पाच वर्षं सांभाळतोय. वाळू जिवंत असते. वरच्या थरात किडे आणि गोगलगायी, खाली हवा पोचत नाही तिथे घाण गुपचूप पचवणारे जिवाणू. आमच्या खानदानासारखंच: वरवर ढवळलं तर चालतं, खोल हात घातला तर कुणाचंच भलं होत नाही.

गेल्या महिन्यात वाळूवर शेवाळाची तपकिरी साय धरली. कारण काका. दात नीट उपटला की ते खुशीत टाकीत चिमूटभर खाद्य टाकतात, आणि एका आठवड्यात अकरा दाढा निघाल्या होत्या. मी म्हटलं, खाणं कमी करा, साय आपोआप जाईल. काका म्हणाले, हे कीट आहे, खरवडावंच लागतं. स्वागताच्या टेबलावरून काकूंनी री ओढली की पेशंट टाकीकडे बघून नाक मुरडतात. मी म्हटलं, सुजलेल्या तोंडाने त्यांना तेवढंच मुरडता येतं. मग मी काचेवर चिठ्ठी लावली: 'वाळू खोल ढवळू नये. विषारी वायू निघतो.' दुसऱ्या दिवशी तिच्याखाली काकांच्या अक्षरात होतं: 'नापासांनी सूचना लावू नयेत.'

शनिवारी मी टाकीसाठी मीठ आणायला गेलो. परत आलो तर काका डोक्याला दिवा बांधून, कोपरापर्यंत टाकीत. एका हातात लाळ ओढायची नळी, दुसऱ्यात कीट काढायचा आकडा. तळातली काळी वाळू वर आली होती आणि खोलीत सडक्या अंड्यांचा वास भरला होता. भूल दिलेला एक पेशंट गळ्यातल्या रुमालासकट रस्त्यावर पळाला.

"काका, हात काढा."

"मुळापर्यंत गेल्याशिवाय सफाई होत नाही."

"ती हिरडी नाहीये."

"तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतोय मी."

"लोक चावतात, म्हणून जपून घालता. वाळू चावत नाही."

मी वरचं पाणी बादलीत घेऊन हाताला लागतील ते मासे त्यात टाकले. आणखी चांगलं पाणी हवं होतं, पण तयार खाऱ्या पाण्याचं पिंप काकूंनी शुक्रवारीच मोरीत ओतलं होतं. जागा अडते म्हणून. मुकादम मात्र घाबरला की जे करतो तेच त्याने केलं: वाळूत शिरला. त्याच वाळूत.

मी त्याला उकरून काढलं. तो माझ्या तळहातावर आडवा पडला, तोंडात शेवटचा घास वाळूचा.

काकांनी दिवा त्याच्यावर रोखला. "सुन्न झालाय. अर्ध्या तासात उतरेल."

अर्धा तास आम्ही तिघं बघत बसलो. मग काकू म्हणाल्या की फरशी ओली झालीय, कुणीतरी पुसा. मी बोलायला तोंड उघडलं तर काका म्हणाले, "जे काय असेल ते लेखी दे." म्हणून देतोय.

प्रति, प्रमुख दंतवैद्य यांस. विषय: रिक्त पद. महोदय, मुकादम यांच्या निधनामुळे टाकीतील वाळू चाळण्याचे पद रिकामे झाले आहे. सदर पदावर अर्जदाराची नेमणूक करावी. अर्जदारास पाच वर्षांचा अनुभव असून वाळू खाण्याची तयारी आहे. रुजू झाल्यापासून अर्जदाराचा पुतण्या म्हणून असलेला संबंध संपुष्टात आल्याचे समजावे, आणि वाळूची लेखी संमती असल्याशिवाय आपण टाकीत हात घालू नये, ही विनंती.