जाणिवेची उतरण

जाणीव स्वतःला ओळखते ती—

वाक्य इथंच तुटलं, कारण आत भांडं पडलं. विष्णुपंत उठले. त्यांच्या पत्नीनं, चंद्रप्रभाबाईंनी, पेजेची वाटी उलटी केली होती. विष्णुपंतांनी जमीन पुसली, बाईंचं लुगडं बदललं. तोवर निबेतली शाई वाळली.

नळदुर्गात त्यांना सगळे जर्मनमास्तर म्हणत. निजामाच्या अमदानीत हैदराबादेला ते जर्मन तत्त्वज्ञान शिकले, तेही उर्दूतून. संस्थान गेलं, शाळेतली उर्दू गेली; आता तेच सारं मराठीत आणायचा ध्यास. सार एवढंच, की जाणीव पायरीपायरीनं वर चढते, आणि माणूस एकटाच कधी 'मी' होत नाही. दुसऱ्या कुणी त्याला ओळखावं लागतं.

जाणीव स्वतःला—

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाई पायऱ्या उतरत होत्या. आधी सणवार गेले, मग लेकीचं नाव, मग चूल कशाला असते ते. उतरण्याबद्दल जर्मनांनी काही लिहिलं नव्हतं. लिहिलं असेल तर हैदराबादेपर्यंत पोचलं नव्हतं. आपण अजून तिच्या लेखी आहोत का, एवढंच विष्णुपंतांना कळायला हवं होतं.

डॉक्टर शांतलिंग तपासायला आले. "काकू, हे कोण? नाव सांगा बघू यांचं."

बाई गप्प.

"विसरल्या," डॉक्टर म्हणाले.

शेजारच्या शांताक्का दारातच उभ्या होत्या. "अय्यो डाक्टर, शिकून वाया गेलास की रे! नवऱ्याचं नाव कोण बायको घेतीया? जल्मात न्हाय घेतलं, ते तुझ्यासाठी घेईल व्हय?"

विष्णुपंत हसले. किती दिवसांनी. बोलत नाही, म्हणजेच ओळखते! त्या गप्प बसण्यावर त्यांनी सगळा हिवाळा काढला. भरवलं, धुतलं, वेणी घातली, लिहायला बसले, उठले.

जाणीव—

उन्हाळ्यात डॉक्टर पुन्हा आले. सवयीनं विचारलं, "काकू, हे कोण?"

बाईंनी मान वर केली. "विष्णुपंत," म्हणाल्या. स्वच्छ. ना लाजल्या, ना पदर सावरला.

"वा! ओळखलं की, मास्तर! सुधारणा आहे."

शांताक्कांनी तोंडाला पदर लावला आणि दुसरीकडे पाहिलं.

"हो," विष्णुपंत म्हणाले. "सुधारणा आहे."

डॉक्टर गेले. शांताक्काही गेल्या. बाई विष्णुपंतांकडे बघत होत्या, अदबीनं, घरी आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "हे येतीलच एवढ्यात, शाळा सुटली की."

विष्णुपंत बाजेच्या कडेला अंग चोरून बसले.