नळांची तोंडं

कळंबचा हिरामण ठाण्याहून परतला तो मिस्त्री होऊनच. म्हणजे गावाला तसं त्यानेच सांगितलं. ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार. कारखान्यात तेजाबाच्या टाक्या असतात आणि त्यांची वाफ बाहेर ओढून न्यायला छताखालून जाड नळ फिरवलेले असतात. पूर्वी ते पत्र्याचे असत, आता प्लास्टिकचे येऊ लागले होते. आपला हात लागल्याशिवाय ठाण्यात असा एक नळ वर चढत नव्हता, असं हिरामण देवळाच्या पायरीवर बसून खुशाल ठोकून द्यायचा. खरं तर ठाण्यात त्याने मिस्त्रीच्या हाताखाली शिडी धरली होती, नळ उचलले होते, चहा आणला होता. गरम हवेच्या बंदुकीने प्लास्टिकची कांडी वितळवून सांधा भरायला मात्र तो झकास शिकला होता, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण नळ कुठून न्यायचा, त्याचं तोंड कुठे ठेवायचं आणि का, हे ठरवताना त्याला कुणी जवळ बोलावलं नव्हतं. आता एवढं बारीक गावाला कोण सांगत बसतो!

त्याची थोरली बहीण जया साजगावात दिली होती. तिचा नवरा सहदेव सायकलच्या हँडलांना क्रोमची चकाकी चढवणाऱ्या कारखान्यात टाकीवर कामाला होता. टाकीत तांबूस तेजाब, त्यात हँडलं बुडवून वीज सोडली की वर बारीक तुषारांची वाफ उठायची, घसा खवखवायचा. तिथला पत्र्याचा जुना नळ गंजून त्याची चाळण झाली होती. शेठ प्लास्टिकचे नळ बसवणारा माणूस शोधतोय हे कळल्यावर सहदेवने शब्द टाकला. हा माणूस तसा अबोल. इतक्या वर्षांत त्याने शेठकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"माझा मेवना हाय, शेठ. ठान्यात हेच काम करायचा," तो म्हणाला. "मी सांगतो ना."

शेवटचे तीन शब्द शेठला पुरेसे होते.

हिरामण आला, टाक्यांभोवती हात मागे बांधून फिरला आणि मनातून गडबडला. ठाण्यात नळांची तोंडं टाकीच्या काठाला, मागच्या अंगाला, आडवी लावलेली त्याला आठवत होती. पण ती तशी का होती? तिथलं छत बसकं होतं म्हणून? की मिस्त्रीची आपली एक खोड? ठाण्याला जाऊन विचारता आलं असतं. पण जो स्वतःच मिस्त्री, तो कुणाला विचारणार? विचारलं की बिंग फुटलं. शेवटी त्याला घरची चूल आठवली. धूर वर जातो, म्हणून धुराडं वर. झालं, प्रश्न मिटला. त्याने सगळी तोंडं टाक्यांच्या वर, माणसांच्या डोक्यांवर, पालथ्या टोपल्यांसारखी ओळीने टांगायचं ठरवलं. दिसायलाही ते फार देखणं दिसणार होतं.

शिडी सहदेवच धरून उभा होता. त्याने एकदाच विचारलं, "हिरामण, जरा खाली नको का रं? आमाला टाकीवर वाकावं लागतं."

चार माणसं बघत होती. हिरामण वरूनच हसला. "भावजी, धूर वर जातो का खाली? तुमच्या घरातलं धुराडं काय चुलीच्या बुडाशी हाय?"

सगळे खो खो हसले. सहदेवही हसला आणि पुन्हा शिडी धरून उभा राहिला.

काम झालं. नळ सरळसोट, सांधा कुठे शोधून सापडणार नाही असा. शेठ खूश झाला. हिरामणच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्या भरात त्याने न विचारता एक सल्लाही देऊन टाकला, "खिडक्या बंद करून घ्या शेठ, म्हंजे वढ नीट बसंल." शेठने खिडक्यांना फळ्या ठोकून घेतल्या.

पाऊस येऊन गेला. भात पिवळं पडू लागलं आणि दसरा आला. कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची होती. शेठने हिरामणला मुद्दाम निरोप धाडला, की पूजेला ये, शाल-नारळ द्यायचा आहे, शेजारच्या नव्या शेडचं कामही तुलाच सांगायचं आहे. हिरामण इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच बहिणीकडे पोचला.

अंगणातच त्याच्या नाकात जळक्या दुधाचा वास घुसला. दारात गेला तर चुलीवरच्या पातेल्यातून काळा धूर निघत होता. आणि चुलीपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून, सहदेव टाकीसाठी झेंडूचा हार ओवत बसला होता. शांतपणे, एकेक फूल निवडून.

"भावजी, अवो दूध!"

सहदेवने दचकून मागे पाहिलं. तेवढ्यात जया आंब्याचा डहाळा घेऊन परसातून धावत आली आणि तिने पातेलं खाली उतरवलं. "बगा या मानसाला! खिरीचं दूध जळून कोळसा झालं तरी पत्ता नाय! नाक काय गहान टाकलंय काय तुमी?" ती हसत, चिडत पातेलं घेऊन मागे गेली.

सहदेवने फडक्याने नाक पुसलं. फडक्यावर रक्ताचा डाग उमटला. त्याने ते चटकन मुठीत घेतलं, पण हिरामणने पाहिलं होतं.

"वासच येत नाय तुमाला?"

"हळू बोल. तिला नाय सांगितलं."

"कवापासनं?"

"हाय आपलं थोडं." सहदेवने हारात फूल ओवलं.

"भावजी, कवापासनं?"

"आदी खिडक्यांतनं वारा यायचा, वाफ हिकडं-तिकडं जायची. आता सरळ वर जाती. वर जाताना मदी आमची तोंडं हायेत." तो हे असं म्हणाला, की जणू कुणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगतोय. "टाकीवरच्या समद्यांनाच थोडा थोडा तरास हाय."

"मग शेठला सांगितलं का नाय? मला तरी सांगायचं!"

सहदेवने मान वर केली नाही. "काय सांगू? मीच तर तुला आनलेला."

हिरामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिडीवरून आपण कसे हसलो होतो, ते त्याच्या कानात वाजू लागलं. ज्या माणसाने आपल्यासाठी शब्द टाकला, त्याला आपण चारचौघांत हसलो. आणि तो माणूस तो शब्द राखण्यासाठी पावसाळाभर नाकाने रक्त गाळत होता! शिवी दिली असती तर सोसली असती. एखादी थोबाडीत दिली असती तरी बरं वाटलं असतं. पण सहदेव हारच ओवत होता.

कारखान्यात यंत्रांना आंब्याचे डहाळे बांधले होते, सगळीकडे हळदकुंकू वाहिलं होतं. टाकीवरच्या माणसांत थोरला म्हणून पूजेचा मान सहदेवचा. त्याने टाकीला हार घातला, काठावर उदबत्त्या खोचल्या आणि नमस्कार करायला वाकला. तेवढ्यात शेठला हुरूप आला. "पंखा चालू करा रे! मंडळींना दिसू दे आपली व्यवस्था."

नळाच्या टोकाचा पंखा घुमला. उदबत्त्यांचा पसरलेला धूर गोळा झाला आणि सरळ वर निघाला. वाकलेल्या सहदेवच्या हनुवटीपाशी तो आपटला, नाका-डोळ्यांवरून चढला आणि केसांतून निघून वरच्या टोपलीत गडप झाला. एक धागा बाजूला गेला नाही.

"बघा कसा ओढतोय!" शेठ म्हणाला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

हिरामणच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. गप्प राहिलं तर नवी शेड आपली, गावात नाव आपलं. सहदेव तर काही बोलणार नाहीच. तो बोलणार नाही, याचीच हिरामणला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"शेठ," तो म्हणाला. "ह्ये चुकलंय. तोंडं टाकीच्या काठाला पायजे व्हती. वाफ यांच्या नाकातनं वर जाती. मी मिस्त्री नव्हतो ठान्यात. मी शिडी धरायचो."

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. आणि त्या शांततेत सहदेव पुढे आला. "शेठ, त्याचं काय मनावर घेऊ नका. उगाच बोलतोय. काम चांगलं केलंय त्यानं."

हे मात्र हिरामणला सोसलं नाही. तो सगळ्यांसमोर, इस्त्रीच्या शर्टाने, लहान पोरासारखा रडला. "भावजी, आता तरी नका वो माजी बाजू घेऊ!"

शेठने त्याच्या खांद्यावरची शाल स्वतःच काढून घेतली, घडी केली आणि कडवटपणे म्हणाला, "नव्या शेडचं विसर. आणि हे सगळं उतरवून नीट बसवून दे. आधी खिडक्यांच्या फळ्या काढ." मग सहदेवकडे एकदा बघून तो आत निघून गेला.

हिरामण दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेला, जुन्या मिस्त्रीच्या पाया पडला आणि इतके दिवस न विचारलेलं सगळं विचारून आला. वाफ माणसाच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत मागच्या मागे ओढायची, एवढीच त्यातली गोम होती. साजगावला परतून त्याने देखण्या टोपल्या उतरवल्या, नळ कापले आणि रुंद, चपटी तोंडं टाकीच्या मागच्या काठाला जोडली. दिसायला ते अगदीच बेंगरूळ झालं. शिडी धरायला सहदेव होताच.

सगळं जोडून झाल्यावर सहदेवने टाकीच्या काठावर एक उदबत्ती लावली आणि मुद्दाम तिच्यावर वाकला. हिरामणने पंखा चालू केला. धूर बोटभर वर उठला, वळला आणि मागच्या तोंडात शिरला. सहदेवच्या चेहऱ्याला तो शिवलाही नाही.

"जमलं रं!" सहदेव मनापासून हसला. हसता हसता त्याने ती उदबत्ती उचलली, नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली. मग हिरामणपुढे केली.

"कसला वास हाय रं हिचा?"

"मोगऱ्याचा, भावजी."

"व्हय? जयाला आवडतो," सहदेव म्हणाला. त्याने उदबत्ती परत काठावर खोचली आणि हँडलं बुडवायला घेतली.