टॅबवर जळणारा स्टॉपवॉच

मित्रांनो, माह्या पोटात स्प्रिंग आहे अन् तिच्याहून जास्त जळण आहे. मी चावीचा जुना स्टॉपवॉच. मनाली मॅडमनं मले नागपुरात घेतलं, तेव्हा ती लाखांदूरहून शिकायले आलेली साधी पोरगी होती. मग स्नायू कमजोर करणाऱ्या आजारांवर तिनं वीस वर्षं संशोधन केलं. पेशंट किती सेकंदात चालला, किती सेकंदात उठला, सारं मी सांगायचो. "याच्याबिगर माहं पान हालत नाही," ती म्हणायची अन् मी फुगून जायचो.

ती या आजारांच्या जिल्हा कार्यक्रमाची प्रमुख झाली अन् तो टॅब आला. चकचकीत, गोरा. मी बॅगेच्या तळाशी. तीन वर्षं चावी नाही. खरं सांगतो, रोज वाटे, याची बॅटरी फुगली पाहिजे.

करडी गावच्या तपासणी शिबिरात मौका भेटला. टॅबवाल्या जीवननं बारा वर्षांच्या अंजूले खुर्चीवरून उठवलं. हात टेकून ती झटकन उठली. टॅब म्हणे, ठीक आहे.

तिची आजी बायजाबाई कावली. "पाहा डाक्टरीन बाई, आळशीच आहे. उद्यापासून शाळा बंद, धानाच्या रोवण्याले नेतो तिले."

पोरीची डुलती चाल मी बॅगेतून पाहिली होती. टॅब हुकला म्हणून मले गुदगुल्या झाल्या. पोरीचं काय, हे मनातच नाही आलं.

दुपारी पंगत बसली. जेवून सारे उठले, अंजू बसूनच. सारे गेल्यावर तिनं हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, अन् सोताच्याच अंगावर चढत उभी झाली. उशिरा जेवायले बसलेल्या मॅडमचा घास हातातच राहिला.

"अंजू, एकदा अजून बसून उठतं का, बाई?"

टॅब चार्जिंगले होता. मॅडमनं मले काढलं, चावी दिली, बटन दाबलं. मी अडून बसलो. आता आठवण आली का, म्हटलं.

खाली बसलेल्या अंजूनं हळूच विचारलं, "मॅडम, हळू उठलो तर रागवाल का?"

दुसऱ्यांदा बटन दाबलं तसा मी धावलो. अकरा सेकंद. धडधाकट पोरीले दोन-तीन पुरतात.

"आजी, हा आळस नाही," मॅडम म्हणाली. "हिचे स्नायू कमजोर होऊन राहिले. रक्त तपासू, व्यायाम शिकवू. शाळा बंद करू नका."

बायजाबाईनं अंजूची उष्टी थाळी उचलली.

माहे अकरा सेकंद मॅडमनं टॅबमध्येच भरले. जळतो मी अजून. पण अजून थोडा रुसलो असतो, तर ती पोरगी चिखलात उभी असती. म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्याले मधूनमधून चावी देत जा. अन् जळायचंच असलं, तर काम करता करता जळा.