मोजा घातलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जुना म्हटल्यावर लगेच चेहरे पाडू नका. माझ्या जाळीला पोचा आला आहे, अंगावरचा काळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे आणि तोंडावर एक पायमोजा चढवलेला आहे. तरीही मी रडगाणे गायला आलेलो नाही. मोजा धुतलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे बायका डोळ्याला भिंग लावून लांबलचक टेबलांशी बसत. केसाइतक्या बारीक तारेचे वेटोळे एका पातळ पडद्याला चिकटवायचे, ते लोहचुंबकाच्या खाचेत अलगद सोडायचे, वर जाळी बसवायची, की झाला माइक. कोणी बोलले की पडदा हलतो, त्याबरोबर तार हलते आणि बोलणे विजेच्या रूपाने पुढे जाते. माझ्या पोटात एवढेच आहे. फार काही नाही, म्हणूनच बिघडण्यासारखेही फार काही नाही.

उमेदीची वर्षे मी एका सभागृहात काढली. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारी, मग फुंकर मारी आणि मग 'हॅलो, हॅलो' करी. 'दोनच शब्द बोलतो' असे म्हणून सभा संपली तरी न हटणारे वक्ते मी ढिगाने पाहिले. भाषण रंगले की टाळ्या वक्त्याला. भाषण पडले की 'माइक खराब होता'. नाचता येईना, अंगण वाकडे! एका बक्षीस समारंभात एका विजेत्याने आनंदाच्या भरात दोन्ही हात वर केले, तेव्हा मी त्याच्या हातात होतो. पोचा तेव्हाचा आहे.

पुढे सभागृहात बिनतारी माइक आले. त्यांना शेपूट नव्हती, ते चकाकत होते आणि चार्ज करायला विसरले की ऐन भाषणात माना टाकत होते. पण नव्याचे नऊ दिवस असतात, त्या दिवसांत जुन्याला कोणी विचारत नाही. मी एका खोक्यात गेलो आणि तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानात. तिथे एका बंद पडलेल्या इस्त्रीच्या शेजारी माझी जागा होती. इस्त्री रोज आपल्या नशिबाला बोल लावायची. मी तिला एकदाच सांगितले, की बाई, मी बंद पडलेलो नाही, मला नुसते बंद ठेवले आहे. त्यानंतर आमचे फारसे पटले नाही.

आता ज्यांच्यामुळे माझी गोष्ट सांगण्याजोगी झाली, त्या घराबद्दल सांगतो. हे सगळे मला नंतर कळले. घरात राहायला लागले की सगळेच कळते.

त्या घरातले बाबा गाडी चालवायला शिकवत. त्यांची एकच गाडी, टपावर पिवळी पाटी आणि त्यांच्या सीटपुढे पायाशी एक जादा ब्रेक. सगळे त्यांना सर म्हणत. सरांच्या घशात आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र काढावे लागेल, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीखही ठरली. इस्पितळात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मात्र एक युक्ती सांगितली. लागणारी वाक्ये आत्ताच स्वतःच्या आवाजात भरून ठेवा, पुढे फोनवर बोट दाबले की तुमचाच आवाज बोलेल.

बाबांच्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, हे थोतांड वाटले. त्यांनी गाडीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवले होते. मुका माणूस गाडी कशी शिकवणार, असे ते सगळ्यांदेखत म्हणाले. बाबांनी नुसती गाडीची किल्ली उचलून खिशात टाकली. आवाज जपून वापरायचा होता.

आधी घरच्यांनी फोनवरच वाक्ये भरून पाहिली. खोलीत ती बरी वाटली, पण इंजिन चालू केल्यावर विहिरीतून कोणी बोलावे तशी ऐकू येऊ लागली. मग घरच्या घरी स्टुडिओ उभा करायचा असे ठरले, आणि कॉलेजात जाणारा धाकटा मुलगा कामाला लागला. त्याने व्हिडिओ पाहून पाहून डोळे लाल केले आणि शेवटी घरात बाजूला ठेवलेली होती नव्हती ती रक्कम एका रुपेरी माइकवर ओतली. तो माइक पाळण्यासारख्या जाळीत लोंबकळत असे. सोबत एक भारी सॉफ्टवेअर होते, थोडे दिवस फुकट आणि मग पैसे भरा म्हणणारे.

त्या रुपेरी माइकची मी निंदा करणार नाही. चहूकडून गाद्या लावलेल्या शांत खोलीत तो राजा असेल. पण या घरात तो हलक्या कानाचा ठरला. भिंती उघड्या, डोक्यावर पंखा, वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणारी मुले आणि खाली पत्र्याचे डबे ठोकणारे वर्कशॉप. त्याने सगळ्यांचे सगळे ऐकले आणि बाबांच्या आवाजात कालवून ठेवले. हौसेच्या भरात हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

ध्यानात आले ते गाडीत. बाबांकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला येत. सगळे त्यांना बाई म्हणत. बाबांनी फोन डॅशबोर्डवरच्या स्पीकरला जोडला आणि चालत्या गाडीत 'ब्रेक'चे बटण दाबले. 'ब्रेक'च्या मागोमाग पत्र्यावरच्या हातोड्याचा असा काही ठणका आला, की बाईंना वाटले मागून कोणी धडकले. त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही कानांवर हात ठेवले. बाबांचा पाय जादा ब्रेकवर होता म्हणून निभावले. बाई खाली उतरल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, की सर, तुमचे नीट बसले की कळवा, मी थांबते. हे काकांच्या कानावर गेलेच. त्यांनी भावाला सवलत दिल्यासारखे सांगितले, की ऑपरेशननंतर एक जरी विद्यार्थी टिकला तरी मी गप्प बसेन, नाहीतर गाडी जाईल.

त्यात त्या भारी सॉफ्टवेअरची फुकटची मुदत संपली आणि भरलेली वाक्ये त्याच्या पोटात अडकून बसली. बाबांचा आवाज रोज अधिक घोगरा होत होता. धाकटा तोंड लपवून बसला.

मग थोरली मुलगी उठली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, माइकमधले तिला ओ की ठो कळत नव्हते. तिने रुपेरी माइक खोक्यात घातला आणि आमच्या दुकानात अदलाबदलीला आणला. दुकानदार तिला रंगीत दिवे लागणारा एक माइक दाखवू लागला. तिने तो बाजूला ठेवला आणि दुकानाचे दार सताड उघडायला लावले. बाहेर गाड्यांचा गोंगाट होता. कानाला हेडफोन लावून तिने एकेका माइकमध्ये एकच वाक्य म्हटले, 'बाबा, चहा ठेवलाय.' कुणी चहाबरोबर हॉर्न ऐकवला, कुणी फेरीवाला ऐकवला. मग तिने मला इस्त्रीशेजारून उचलले, पुसले आणि ओठांशी धरले. रस्ता मागे सरला आणि चहा तेवढा पुढे आला. मित्रांनो, मी असाच आहे. जवळ येऊन बोलेल त्याचेच मी ऐकतो. लांबून बोलणाऱ्यांचे मी सभागृहात पुष्कळ ऐकून घेतले.

दुकानदार म्हणाला, "ताई, तो कशाला घेता? तो शोभेलासुद्धा ठेवण्यासारखा नाही."

थोरली म्हणाली, "मला शोभेला नकोच आहे."

रुपेरी माइकच्या बदल्यात मी आलो, माझी तार आली, आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी दोन बटणांची वापरलेली डबी आली आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन आले. सॉफ्टवेअर तिने कायमचे फुकट असलेले घेतले. कापायचे, जोडायचे आणि साठवायचे एवढेच काम होते, त्याला सोन्याची कात्री लागत नाही. धाकट्याने मला पाहून नाक मुरडले आणि हा तर सभागृहातला भोंगा म्हणाला. भोंगा! मला राग आला आणि तो अजून आहे.

पहिल्याच दिवशी एक अडचण निघाली. बाबांनी 'ब्रेक' म्हटले की 'ब'बरोबर श्वासाचा झोत माझ्यावर आदळे आणि भप्प असा आवाज भरला जाई. यासाठी माइकला टोपी मिळते. आईने कपाट उघडले, बाबांचा एक जाडसर मोजा काढला आणि माझ्या तोंडावर चढवला. अपमान झाला खरा, पण भप्प थांबले.

तरीही काम जमेना. बाबा खोलीत खुर्चीवर बसून कागदावरची वाक्ये वाचत, ती बातम्यांसारखी सपाट निघत. 'ब्रेक' म्हणताना त्यांचा पाय नकळत फरशी दाबी, आणि फरशी काही दबत नसे. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला आणि खुणेनेच सगळ्यांना खाली चला म्हणून सांगितले. इतकी वर्षे त्यांनी ही वाक्ये फक्त एकाच जागी बसून म्हटली होती.

गाडी गल्लीत उभी होती. काचा वर केल्या, डॅशबोर्डवर आणि मागच्या काचेवर रजया टाकल्या, आणि मित्रांनो, तोच आमचा स्टुडिओ झाला. आधीच गादीच्या सीटा, त्यात वर्कशॉपची जेवणाची सुट्टी. धाकटा मागे लॅपटॉप घेऊन बसला. मला बाबांच्या तोंडापाशी टेबललॅम्पच्या दांड्याला बांधले होते. प्रश्न उरला तो समोर चुका करणाऱ्याचा. आई पदर खोचून चालकाच्या सीटवर बसली.

"अहो, सगळ्या गावाला शिकवलंत," ती म्हणाली, "मला मेलीला कधी इथे बसवलं नाहीत."

बाबांनी शिकवायला सुरुवात केली. वाक्ये विद्यार्थ्यांसाठी होती, म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांना आईशी अहो-जाहो करावे लागले. 'क्लच हळू सोडा.' 'आरशात बघा, तो केस विंचरायला नाही.' 'गाडी तुमच्या सासऱ्यांची नाही, दमानं घ्या.' आई मनापासून चुकत होती आणि बाबा मनापासून चिडत होते. हेडफोन लावलेल्या धाकट्याचा चेहरा बदलत गेला. आता आवाजात फक्त बाबा होते.

मध्येच काकांनी काचेवर टकटक केली. भरताच आहात तर पोराबाळांसाठी आशीर्वादाचे, निरोपाचे चार शब्द भरून ठेवा, असे ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, ते वाईट माणूस नव्हते. बाबांनी काच खाली केली.

"मी कुठंही जात नाहीये," ते म्हणाले. "आवाज जातोय. निरोप द्यायचा तर त्याला दे."

काच पुन्हा वर झाली. त्या वेळी मला जे वाटले ते सरळ सांगतो. मला अभिमान वाटला.

सगळ्यात अवघड वाक्य शेवटी राहिले होते, मोठ्याने ओरडून म्हणायचे 'ब्रेक'. हळू ब्रेक झाला, मधला ब्रेक झाला, पण ओरडायचा निघेना. गाडी उभी, धोका नाही, मग ओरडणार कोणावर? घसाही दुखत होता. थोरली म्हणाली, राहू द्या बाबा. बाबांनी नकारार्थी मान हलवली. तो एक शब्द नसेल तर बाकीची सगळी वाक्ये घेऊन गाडी रस्त्यावर काढता येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेवढ्यात आईने हँडब्रेक खाली केला. गल्ली उताराची होती. गाडी गल्लीच्या टोकाच्या फाटकाकडे घरंगळली.

"ब्रेक!"

बाबांचा पाय आणि बाबांचा आवाज एकदमच पडला. गाडी थांबली, मी डॅशबोर्डवर आपटलो आणि डबीवरचा दिवा लाल झाला. आवाज कडेला थोडा फाटला होता. धाकटा म्हणाला, पुन्हा घेऊ. पण पुन्हा घ्यायला बाबांकडे आवाज उरला नव्हता. मग तो फाटलेला भाग सॉफ्टवेअरने घासून गुळगुळीत करायला निघाला, तेव्हा थोरलीने त्याचा हात धरला. आहे तसाच ठेव, म्हणाली. आईने हँडब्रेक मुद्दाम सोडला की चुकून, हे तिने आजतागायत सांगितलेले नाही.

ऑपरेशन झाले. गाडी कितीतरी दिवस जागची हलली नाही. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदपत्रांखाली पडून होतो आणि या वेळी कोणालाच माझी आठवण नव्हती, हे कबूल करतो. मग एका सकाळी दारे उघडली. बाबा आपल्या सीटवर बसले, गळ्याला पांढरा रुमाल होता. कळवल्याप्रमाणे बाई आल्या होत्या. मागच्या सीटवर काका, नुसते बघायला.

गाडी निघाली. बाबा बटणे दाबत गेले. 'क्लच हळू सोडा.' बाईंनी सोडला. 'आरशात बघा, तो केस विंचरायला नाही.' बाई गालात हसल्या. वळणावर एक टेम्पो हॉर्न न देता उलटा बाहेर आला, बाईंचा पाय घोटाळला, आणि बाबांनी पायाबरोबर बोटही दाबले. फाटलेला, खराखुरा, डोक्यात जाणारा 'ब्रेक!' गाडीभर झाला. बाईंनी ब्रेक मारला. टेम्पो वीतभर अंतरावरून निघून गेला.

बाईंना आयुष्यात कोणी ओरडले नव्हते, ओरडायचे काम त्यांचे होते. त्या लालबुंद होऊन बाबांकडे वळल्या.

"सर, ओरडू नका हो माझ्यावर. ऐकू येतं मला."

बाबांचे खांदे हलू लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपण काय बोलून गेलो ते बाईंच्याही लक्षात आले, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. मागून काका एवढेच म्हणाले, की त्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवतो.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की मी हात जोडून म्हणेन, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मी हात जोडणार नाही, मला हात नाहीत. मला काचेच्या कपाटात ठेवू नका आणि माझी कीवही करू नका. काही घ्यायचे झाले तर आधी दार उघडून आपल्या कानांनी ऐका, मग चकाकीकडे बघा. आणि घरातल्या माणसाला जवळ बसवून बोलते करा, त्याला बोलता येते आहे तोवर. काळजी घ्यायची तर त्या आवाजाची घ्या. मी या कप्प्यात मजेत आहे. उद्या सकाळी आई खरोखरीची गाडी शिकायला बसणार आहे, आणि बाबांच्या फोनमधले प्रत्येक वाक्य तिला 'तुम्ही'च म्हणणार आहे.