जाड शिरोरेघ

अडकित्ता कट्टकन वाजला आणि मी दचकून लॅपटॉप मिटला. दुपारी लेक राही झोपली की तासभर मला मिळतो. माझे सासरे, बाबा, तेव्हा ओटीवर सुपारी कातरत बसतात.

बाबांनी तरुणपणी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेची अक्षरं काढली. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरा रंग, हातात ब्रश. कार्यक्रमाचं नाव, संघांची नावं, गुणांचे आकडे. पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे धरला की घराघरांत दिसायचा. ते पुठ्ठे अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत.

चार महिन्यांपूर्वी एका कंपनीनं जुन्या धाटणीच्या खेळाच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडं अक्षरं काढून मागितली. घरबसल्या मिळालेलं पहिलं मोठं काम, आणि मला काही जमेना. बाबा रेवदंड्याला बाजारात गेले तेव्हा मी ट्रंक उघडली, फोटो काढले, एकेक अक्षर लॅपटॉपवर गिरवलं. "तुमचीच ना?" कंपनीनं विचारलं. मी "हो" लिहिलं.

आज तो कार्यक्रम आला होता. मी लॅपटॉपवर आवाज बंद करून बघत होते.

"मृणाल, बाहेर ये गं! टीव्हीवर नाव लागलं आणि सासऱ्याला पत्ता नाही? विनेशनं पाठवलं म्हणून कळलं."

माझ्या नवऱ्याला कौतुक आवरत नाही. बाबांनी मोबाइल नाकाला लावला होता.

"शिरोरेघ जाड ठेवलीस."

"हो... बरी दिसते."

"आम्हाला ठेवावीच लागायची. बारीक काढली की टीव्हीच्या त्या डब्यावर थरथरायची. साहेब ओरडायचे, शिवदास, तुझ्या अक्षरांना हीव भरलंय!" ते हसले. "आता पडदे स्वच्छ. आता कशाला हवी?"

मला कुठं ठाऊक होतं? मी नुसतं गिरवलं होतं. वाटलं, पकडलं यांनी. पकडावं, रागवावं, सुटेन तरी.

"म्हणजे न शिकवता तुझा हात माझ्यावर गेला," बाबा म्हणाले. "पोटच्या पोरानं कधी ब्रश धरला नाही, आणि सून बघ!" त्यांनी पंच्यानं चष्मा पुसला. मग डोळेही.

"बाबा, ते..."

"थांब, सदाला दाखवून येतो." मोबाइल घेऊन ते शेजारी निघालेसुद्धा. पायात चपला घालायच्या राहिल्या.

राही उठून दारात उभी होती. त्या दिवशी ट्रंकेतले पुठ्ठे एकेक करून तिनंच माझ्या हातात दिले होते. तिनं आधी आजोबांच्या पाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आई, तू आजोबांना विचारलं होतंस?"