टोमॅटिलोची सोयरीक

शीलाच्या कुंडीतल्या टोमॅटिलोला पिवळी फुलं यायची, दोन दिवस डुलायची आणि गळून पडायची. फळ म्हणून धरायचं नाही. आणि इकडे फेब्रुवारीत विहीणबाई येणार होत्या, थेट मेक्सिकोहून.

लेक रेवाने तिकडचा नवरा केला, तेव्हा लग्नात विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने हिरवी चटणी वाटून शीलाच्या ताटात वाढली होती. आता त्या मस्कतजवळ अल खौदला, शीलाच्या घरी जेवायला येणार म्हटल्यावर शीलाने पण केला, की पहिल्या पंगतीला हीच चटणी, आणि माझ्या हातची! रेवाने बिया धाडल्या. रसभरीसारखा कागदी अंगरखा घातलेलं हे हिरवं आंबट फळ भाजायचं आणि मिरची, कांदा, कोथिंबीर घालून वाटायचं. बाजारात ते कुठे मिळेना.

"कच्चे टोमॅटो वाट की," एसीच्या कामावरून आलेला नवरा, दयानंद, म्हणाला. "त्या बाईंना काय कळतंय?"

"तुमच्या वालाच्या बिरड्यात कुणी राजमा घातला तर तुम्हाला कळत नाही?"

दयानंद हात धुवायला गेला.

बियांतून दोनच रोपं जगली होती. एक शीलाने ठेवलं, दुसरं भिंतीपलीकडच्या सकिनाभाभींना दिलं. तेव्हा बोलणं होतं. पुढे कोजागिरीला सकिनाभाभींनी तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं डबाभर आणली. ती जरा विटेसारखी घट्ट झाली होती आणि शीला हसता हसता बोलून गेली, "भाभी, चार जास्त आणायची, आमची भिंत खचलीय." सगळे हसले. सकिनाभाभींनी डबा उचलला आणि घर गाठलं. तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना शुकशुकाट.

शीलाने रोपाला ताक घातलं, रुस्ताकच्या मळ्यातलं शेणखत घातलं. शेवटी रोज पहाटे मोबाइलवर कीर्तन लावून तो कुंडीला टेकवून ठेवू लागली. हरिनामाने दगड तरतात, तिथे रोपाची काय कथा? बुवा रंगात यायचे, झांजा वाजायच्या आणि फुलं टपाटप खाली.

"अगं, ऐकून ऐकून विरक्त झालंय ते," दयानंद म्हणाला. "आता संसारात पडायला तयार नाही."

अखेर तिने रेवाला फोन लावला.

"आई, एकच प्लांट आहे? मग कसा होणार? टोमॅटिलो एकटा फ्रूट नाही देत. दोन पाहिजे ना, जवळ जवळ!"

शीलाने भिंतीकडे पाहिलं. कीर्तनात अहंकाराचं आख्यान निघालं की सगळ्यात आधी डोळे पुसणारी ती. पण ऐकणं निराळं आणि शेजारची बेल दाबणं निराळं. तरी देवाचं नाव घेऊन तिने ती दाबली.

"काय गो," सकिनाभाभींनी दार उघडलं. "पडली काय भिंत?"

"भाभी, मी चुकले. सगळ्यांदेखत तसं बोलायला नको होतं." लगोलग ती पुढे म्हणाली, "आणि तुमच्या रोपाला फळं आली का हो?"

"असं! म्हणजे माफी मागायला आलीस की मागणी घालायला?"

"दोन्ही."

सकिनाभाभी हसू दाबत तिला मागल्या अंगणात घेऊन गेल्या. त्यांच्याही कुंडीखाली पिवळा सडा. "मला वाटलं, तुझीच नजर लागली."

"आणि मला वाटलं, तुम्ही टोपलीभर उतरवताय!"

फळाला दोन रोपं जवळ जवळ लागतात, हे रेवाचं म्हणणं शीलाने सांगितलं. आता कुंडी कुणी कुणाकडे न्यायची? दोघीही स्वतःला मुलाकडची समजत होत्या. इतक्यात सकिनाभाभींचे यजमान अलीमियाँ नमाजाहून आले. "दोन्ही भिंतीवर ठेवा. वर बोरीचं झाड फुललंय, मधमाश्या आहेतच. आणि भिंत काही खचलेली नाही, मी बघितलीय. खलास!"

मधमाश्या आपलं काम करत होत्याच. पण शीलाला राहवेना. देव्हाऱ्यातली कोरी फुलवात घेऊन, स्टुलावर चढून ती या फुलाचे पराग त्या फुलाला लावायची.

"सावकाश गो," सकिनाभाभी खालून ओरडायच्या, "अक्षता टाकतेस काय!"

देवाची करणी, फुलांच्या जागी हिरवे कंदील लटकू लागले. फेब्रुवारीत ते फुगून फाटले आणि सकिनाभाभींच्या पाट्यावर चटणी झाली.

रेवासोबत आलेल्या विहीणबाईंनी बोटाने चटणी चाखली आणि डोळे मिटले. मग विहीणबाई काहीतरी बोलल्या.

"आई, ती म्हणते, टेस्ट एकदम तिच्या घरची आहे," रेवा म्हणाली. शीलाने मनातल्या मनात हात जोडले. "पण मिरची घालायला विसरलीस का?"

पाहुणीला सोसणार नाही म्हणून शीलाने अर्धीच घातली होती!

विहीणबाईंनी मग ती चटणी, पंगतीला आलेल्या सकिनाभाभींनी आणलेल्या सांदणावर थापली. एक सांदण गेलं, दुसरं गेलं. तिसरं हातात धरून त्यांनी पुन्हा काही विचारलं.

"हे कोणी बनवलं, विचारते. तिला शिकायचंय," रेवाने सांगितलं.

दयानंदने जेवणाच्या पानात डोकं घातलं. शीला उठली आणि सकिनाभाभींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "यांनी. असं मऊ सांदण आमच्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही."

"मऊ काय?" सकिनाभाभींनी तिच्या पानात दोन सांदणं टाकली. "मग भिंतीला काय लावायचं गो आता?"

"भिंत आहे तशी राहू दे," शीला म्हणाली. "कुंड्या ठेवायला लागते."