इस्त्रीचा गणवेश

"स्वल्प हसा हो वनजाबाई, फोटो आहे!" प्राचार्या सीतालक्ष्मीबाईंनी वनजाच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला आणि आधी स्वतःच हसून घेतलं. पेट्याला आतून कुणाच्या तरी तेलाचा वास येत होता. हिनकलच्या त्या मुलींच्या कॉलेजात पाहुणा कुणीही येवो, पेटा तोच. फोटो झाला की काढून कपाटात ठेवायचा, पुढच्या पाहुण्यासाठी. वनजाला शिसारी आली, पण ती हसली. हसणं हीच तर तिची नोकरी होऊन बसली होती.

वनजा म्हैसूरच्या अग्निशमन दलात होती. पूर्वज महाराजांच्या फौजेत घोडेस्वार, म्हणून वडिलांनी, अंबाजीरावांनी, लेकीच्या भरतीला अख्ख्या गल्लीत साखर वाटली होती. ट्रेनिंगमध्ये शिडी चढताना ती पोरांच्या पुढे असे. पण केंद्रावर आल्यापासून तिच्या वाट्याला आला टेलिफोन, दसऱ्याच्या आयुधपूजेला गाडीपुढची रांगोळी आणि हे असले कार्यक्रम. 'मुलींनो, अग्निशमन दलात या' असं लिहिलेल्या बॅनरवर फोटो तिचा. आगीवर मात्र तिला कधी नेलंच नाही. एकदा तरी गाडीवर चढून आगीवर जायचं, एवढंच तिचं मागणं होतं. ते सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

कार्यक्रमांसाठी तिला खास नवा गणवेश शिवून दिला होता. त्यावर डाग पडता कामा नये, अशी ताकीद होती. आग विझवणाऱ्या बाईच्या कपड्यांना धुराचा डाग चालत नाही म्हणे!

मांडवाबाहेर शोभेला लाल गाडी उभी केली होती. शेजारी पथकाचे प्रमुख नागोजीराव. ते तिच्या नात्यातलेच, पण ड्युटीवर ती त्यांना 'सार'च म्हणे.

भाषण तिला पाठ होतं. स्त्रीशक्ती झाली, धैर्य झालं, देशसेवा झाली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला उबग आला. शेवटी मुलींना प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून एक काटकुळी मुलगी उठली.

"मी गोदा. अक्का, तुम्ही सगळ्यांत मोठी आग कुठली विझवली?"

हा प्रश्न नेहमीचाच, आणि उत्तरही ठरलेलं. मार्केटच्या आगीची हकिगत 'आम्ही, आम्ही' करत सांगायची. वनजानं तोंड उघडलं, तोच खाली नागोजीरावांचा फोन वाजला. पुढेच, हुणसूर रस्त्यावर, तंबाखूच्या गोदामाला आग लागली होती.

वनजानं माईक टाकला आणि स्टेजवरून उडी मारली. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलाही होता.

"अय्यो, तू कुठं? उतर, उतर!" नागोजीरावांनी दंडाला धरून तिला खाली घेतलं. "कार्यक्रम अर्धा आहे नव्हे? मोठे सायब विचारले तर मी काय सांगू? आणि तो ड्रेस!"

"सार, आग आहे. मीबी ट्रेनिंग घेतलीय."

"गोत्तु अम्मा, ठाऊक आहे. नंतर बघू. आता सुम्ने, गुपचूप वर जाऊन बस."

गाडी घंटा वाजवत फाटकाबाहेर गेली. वनजाच्या वाट्याला तिची धूळ तेवढी आली. वर सीतालक्ष्मीबाई माईकवरून सांगत होत्या, "पाहिलंत मुलींनो? आपलं दल किती तत्पर आहे!" मुलींनी टाळ्या वाजवल्या.

ती पुन्हा स्टेजवर चढली आणि तिनं माईक हातात घेतला.

"गोदा, तुझं उत्तर राहिलं. एकही नाही. मी आजवर एकही आग विझवली नाही. आत्ता बघितलीस ना, कसं उतरवले मला?"

प्राचार्या खाकरल्या. गोदा मात्र खाली बसली नाही.

"मग आम्हाला कशाला बोलावता, अक्का? फोटोला तुम्ही एकट्या पुरत नाही?"

हे बोलणं वनजाला झोंबलं. पण त्यात खोटं काय होतं?

"फोटोला पुरते की. एकटी आहे म्हणून हात धरून उतरवतात. तुम्ही चौघी-पाचजणी पायरीवर उभ्या राहिलात तर कुणाकुणाला उतरवतील? म्हणून या. दुसरं काही मला सांगता येत नाही."

तिनं पेटा काढून खुर्चीवर ठेवला, सत्काराची शाल त्यावर टाकली. "अहो, आभार राहिलेत! कॉफी तरी घ्या!" असं प्राचार्या म्हणत राहिल्या आणि ती फाटकाबाहेर पडली. हुणसूरची बस येत होती. तिनं हात केला.

"आग विझवायला बसनं निघालात काय मेडम?" कंडक्टर हसला. पुढे झाडांवरून चढणारा काळा धूर दिसला तेव्हा तो हसायचा थांबला. थांबा नसतानाही त्यानं बस गोदामासमोर उभी करवली.

ज्वाळा बसल्या होत्या, पण तंबाखूच्या गठ्ठ्यांच्या पोटात आग धुमसत होती. त्या धुरानं भल्याभल्यांना भोवळ येते. नळीच्या तोंडाशी असायचा तो पथकातला वादिराज कुंपणाला धरून ओकत होता. वनजानं त्याचं हेल्मेट उचलून डोक्यावर घातलं. त्यालाही परक्या तेलाचा, घामाचा वास होता. त्याची मात्र तिला किळस आली नाही.

"वनजा, बेडा! नको!" नागोजीराव ओरडले.

तिनं वळून पाहिलं नाही. तोंडावर ओला फडका बांधला, नळी काखेत घट्ट धरली आणि ती आत शिरली. गठ्ठा उलटायचा, पाणी मारायचं, पुढचा उलटायचा. मळमळत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथं तिला कुणीही हसायला सांगत नव्हतं.

ऊन कलल्यावर काम संपलं. परतताना ती गाडीवर चढली, तेव्हा तिला कुणी उतर म्हटलं नाही. नागोजीरावांनी तिच्या काळ्या, चिकट पाण्यानं बरबटलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"वाट लावलीस ड्रेसची. सोमवारी सरगूरच्या शाळेत कार्यक्रम आहे. तिथं काय घालून जाशील?"

"हाच."

"हे डाग धुवून निघायचे नाहीत, अम्मा."

"मी धुणारच नाही, सार."

हिनकल आलं. कॉलेज सुटलं होतं, फाटकावर वनजाच्या फोटोचा बॅनर अजून तसाच होता. खाली बसची वाट बघणाऱ्या मुलींत गोदा होती. तिनं एकदा बॅनरकडे पाहिलं, एकदा गाडीवरच्या काळवंडलेल्या तोंडाकडे, आणि हात वर केला. वनजानंही हात वर केला. हसली मात्र नाही.